परसातला पहिला दुधी

मी, अजिनाथ गहिनीनाथ भापकर, वय ७१, पाटबंधारे खात्यातील निवृत्त कारकून, राहणार केडगाव, अहिल्यानगर, हा कागद पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी भरीस घातलेले नाही. लाज मात्र वाटते, आणि ती लपवून लिहिले तर हे मृत्युपत्र माझे म्हणता येणार नाही.

१. राहते घर मुलगा सुनील यास. अट एकच, परसात फरशी बसवू नये. सुनील म्हणतो, "आण्णा, दोन वांग्यांसाठी एवढी जागा अडवलीय." वांगी चार आली होती.

२. बँकेतील ठेव नात दिशा हिच्या शिक्षणासाठी.

३. कुदळ, खुरपे आणि पाण्याचा पाइप कर्जतचा धाकटा भाऊ गोरक्ष यास. माझी मेथी पाहून तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "दादा, जन्मभर लोकांच्या पाटाचं पानी मोजलं, आन सोताच्या वाफ्याला किती लागतंय ते कळंना व्हय!" ते मला फार लागले होते. आता कबूल करतो, मेथी खरेच पिवळी पडली होती.

४. घरापुढचा ओटा, नळासह, भाजीवाल्या गोजरबाई यांना भाजी विकण्यासाठी, त्या हयात असेपर्यंत. याचे कारण सांगणे भाग आहे.

गेल्या श्रावणात परसात, खरकट्याच्या खड्ड्याजवळ, दुधीचा वेल आपसूक उगवला. मी मात्र गल्लीभर सांगत सुटलो की बी निवडून लावले. वेलाचे पहिले फळ घरी चिरायचे नाही, वानवळा म्हणून शेजारी द्यायचे, ही आमच्या आईची शिस्त. म्हणून मी पहिला दुधी न चाखताच शेजारच्या लंकाबाईंना मिरवत नेऊन दिला. तो कडूजहर निघाला. वानवळ्याला नाव ठेवू नये म्हणून त्यांनी ती भाजी मुकाट्याने खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत उलट्यांनी आडव्या झाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "दुधी कुठून आणला होता?" लंकाबाईंना बोलवत नव्हते. मी शेजारीच उभा होतो. म्हणालो, "गोजरबाईकडचा असेल. भाजी तिच्याकडूनच घेतात." वेल माझा, बढाई माझी, आणि नाव घेतले त्या बाईचे.

लंकाबाई बऱ्या झाल्या, पण माझे बोलणे दवाखान्यातून गल्लीत पोचले आणि गल्लीने गोजरबाईंकडून भाजी घेणे सोडले. एकीने तर त्यांच्या पाटीत दुधी फेकून मारला. मी ते खिडकीतून पाहिले आणि पडदा ओढून घेतला. आता त्या लांब पुणे रस्त्याला उन्हात बसतात. वेल मी उपटून जाळला, तोही कोणाला न सांगता. जिवंतपणी बोलायचा धीर नाही, म्हणून हा कागद मी गेल्यावर गल्लीत मोठ्याने वाचावा.

५. वरचे लिहून मी मृत्युपत्र संपवले होते. हे आज जोडत आहे. साक्षीसाठी लंकाबाईंना बोलावले. वाचल्याबिगर सही करणार नाही म्हणाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"दुधी तुमचाच हुता, ते मला म्हाईत न्हवतं व्हय, भाऊ? वानवळ्याचं बोलू न्हाई म्हनून गप ऱ्हायले. पन तिचं नाव तुमी घेतलं, ते आज कळतंय. लोकं तिला बोलत हुती तवा तोंड उघडाया पायजे हुतं, ते मीबी उघडलं न्हाई. आन तुमी मेल्यावर सांगून तिला काय? धंदा तिचा आज बसलाय."

त्या तशाच उठल्या आणि रिक्षाने गोजरबाईंना घेऊन आल्या. मला सगळे तोंडाने सांगावे लागले. मान वर होत नव्हती.

"मेथीची जुडी तुमाला मी निवडून द्यायचे," गोजरबाई म्हणाल्या. "तुमी म्हनायचा, माझीबी येक दिस अशी येईल."

मला रडू आले. त्या थांबल्या नाहीत.

"ओटा मेल्यावर नगं. तुमी मरायची वाट बघत बसू का मी? उद्या सकाळी पाटी घिऊन येते. गल्ली गोळा करा. तुमच्या तोंडानं सांगा, आन माझ्याकडच्या दुधीची कच्ची फोड सगळ्यांदेखत खाऊन दाखवा."

वकील म्हणाले होते, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. दुसरी साक्ष गोजरबाई करणार आहेत, म्हणून कलम ४ मधील ओटा यातून काढला आहे. तो उद्यापासूनच गोजरबाईंचा. त्याखालचे कारण मात्र खोडलेले नाही. उद्या सकाळी मी ओट्यावर हजर राहीन.

हा मजकूर माझ्या हातचा असून दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, व त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: केडगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२६

अजिनाथ गहिनीनाथ भापकर

साक्षीदार:
१. लंकाबाई, शेजारी
२. गोजरबाई, भाजीविक्रेत्या. सही करून म्हणाल्या, "फोड मोठी कापीन."