रुमाल आत गेला

३ फेब्रुवारी २०२५
लिहायचं कारण एकच. मेंढरं राखणारी बजाबाई म्हणाली, "बाई, तुमचं जुनं बोअर श्वास घेतंय. मेंढरं तितं जाईनात!" मी बी.एस्सी. झालेली, तीस वर्षं या गावात विज्ञान शिकवलं. अफवा उठायच्या आत तपासायला हवं.

४ फेब्रुवारी
बोअरच्या तोंडावर रुमाल धरला. सकाळी नऊ — आत ओढला गेला. दुपारी चार — बाहेर फुगला. भूत नाही! हवेचा दाब सकाळी वाढतो, दुपारी उतरतो. पण त्यासाठी खाली मोठी पोकळी लागते. मागच्या फेब्रुवारीत तिथे पाणी होतं. यंदा पाऊस तर बरा झाला होता.

७ फेब्रुवारी
शिवराज आला. माझाच विद्यार्थी, आता इथेनॉल कारखान्याचा माणूस. उन्हाळी मक्याचा करार. "बाई, गेल्या साली तुमी पयली सही केली, मग गाव आलं. औंदा बी तुमच्यापास्नंच की!" वर मलाच धडा — मक्याच्या इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीने सोडलेला धूर पुढचा मका परत शोषून घेतो, म्हणजे बाकी शून्य.
"आणि या हिशोबात पाणी कुठे धरलंस?"
"अजून मार्क कापताय व्हय!"
हसत करार ठेवून गेला. इथे ज्वारी दवावर यायची. मक्याला मी दर आठ दिवसांनी नव्या, खोल बोअरचं पाणी दिलं.

१० फेब्रुवारी
शेजारच्या निंगव्वाचं बोअरही श्वास घेतंय. ती कानडीत पुटपुटली, "उसिरु, उसिरु" — श्वास, श्वास. नागप्पाचंही. बजाबाईने मक्याचा एक दाणा पेरला नाही. तिचंही.

११ फेब्रुवारी
जुन्या बोअरवर झाकण घातलं, वर धोंडा. चारला शिट्टी वाजली.

१५ फेब्रुवारी
शाळेचा हातपंप! मुलं तोंडाशी कागदाचे कपटे धरून खिदळत होती. "बाई, पंप कागद खातोय!" मी दांडा मारला. चाळीस वेळा. पाणी नाही. आतून नुसता सुस्कारा.  

१६ फेब्रुवारी
ग्रामसभेआधी सुपूर्द करतेय —
शिवराजला : करार, सही न करता.
सरपंच शिवलीलाला : माझ्या नव्या बोअरच्या मोटारीची किल्ली, शाळेसाठी. ही वही, सभेत मोठ्याने वाचायला, पहिल्या सहीसकट.
आणि रुमाल. नव्या बोअरवर तो धरायचं मला आज धाडस झालं नाही.