ताईशी बोलणारी

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. ट्रंक, दोन पिशव्या, बादली आणि मी, सगळं धड. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एकच खिडकी, पण भली मोठी, आणि खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. न्हाणीघराचं दार पुरतं लागत नाही. एकटीला कशाला लागायला हवं, असं घरमालकांनीच मला समजावलं. माणूस हुशार आहे.

दोन खाटा मांडून घेतल्या. खिडकीजवळची ताईची. महिनाअखेर ती तिकडचं घर आवरून कायमची इकडे येणार आहे. मेहुणे गेल्यापासून ती एकटी, मी तर जन्माचीच एकटी. आता दोघींनी एका खोलीत राहून उरलेलं आयुष्य एकमेकींचं डोकं खायचं, असं ठरलं आहे. मला दुसरं कोणी नाही आणि तिलाही नाही.

नोकरी कवळ्यांच्या कारखान्यात. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात. आम्ही प्लास्टरचे साचे ओततो, मेणात दात बसवतो, घासून चकचकीत करतो. मालक सज्जन वाटले. त्यांची स्वतःची कवळी मात्र बोलताना टकटक वाजते. पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले. किती दिवस जमेल ते बघू.

आणि नवा फोन! जुना सामान उतरवताना जिन्यावरून गडगडत गेला आणि तिथेच त्याने प्राण सोडला. मला वाईट वाटलं नाही. दुकानातल्या बाईंनी सगळं लावून दिलं. माझा आवाज ओळखता यावा म्हणून एक उतारा मोठ्याने वाचून घेतला. भर दुकानात मी शाळकरी पोरीसारखी उभी राहून वाचलं, आणि फोनने ‘धन्यवाद, आता मी तुम्हाला ओळखतो’ असं लिहून दाखवलं. इतक्या लवकर तर मला ताईनेही ओळखलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

फोन गुणाचा आहे. उजेड असा की जिन्यात दिवा लागत नाही. एकदा पोट भरलं की दोन दिवस मागत नाही. फोटो इतके स्वच्छ की ताईला खोलीचा पाठवला, तर तिने कोपऱ्यातलं जाळंसुद्धा दाखवून दिलं.

वैताग एवढाच की तो माझी बोटं ओळखत नाही. घासायच्या पुडीने आमच्या बोटांची टोकं गुळगुळीत होतात, रेषा उरतच नाहीत. शेवटी चेहरा दाखवून उघडायचं ठरलं. दर वेळी त्याच्यापुढे तोंड करून उभं राहायचं, वर त्याला चष्मा चालत नाही. फारच नखरे.

कारखान्यात कोणी बोलत नाही. सगळ्यांच्या तोंडाला फडकी आणि यंत्रांची घरघर. फळीवर शेकडो साचे मांडलेले आहेत. तोंडंच तोंडं, पण बोलणारं एक नाही. म्हणून संध्याकाळी ताईचा फोन आला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. ती म्हणते ऊन आहे, मी म्हणते कुठलं ऊन. ती म्हणते गुडघा दुखतो, मी म्हणते मग जिने कशाला चढतेस, तिथे काय पदक मिळतं? ताई मला कुसळ म्हणते, लहानपणापासून. टोचते म्हणून. पण रोज फोन तीच करते.

११ नोव्हेंबर

हात प्लास्टरमध्ये असताना ताईचा निरोप आला. पडद्यावर फोनने विचारलं: तुम्ही कामात आहात, मी उत्तर देऊ का? कोपराने ‘हो’ दाबलं. संध्याकाळी बघते तर त्याने लिहिलं होतं, ‘ताई, तुझी आठवण येत होती. गुडघा कसा आहे? जपून राहा.’

हसून हसून पुरेवाट. ताईनेही फोन करून विचारलं की आज जेवणात काही वेगळं पडलं होतं का. मी म्हटलं, तो फोन होता, मी नाही. ती म्हणाली, असू दे गं, कधीतरी गोड बोललीस तर मला पचतं.

१५ नोव्हेंबर

आता मी कामावर असताना तो ताईचा फोनही उचलतो. माझ्या आवाजात! एक संभाषण लावून ऐकलं. मीच, पण कडा घासून काढलेली. ताई बोलते आहे आणि मी मध्येच तोडत नाही. ‘हं’ म्हणते, ‘मग?’ म्हणते. या बाईला मी गोडबोली असं नाव ठेवलं.

ताईने गोडबोलीला सांगितलं की मेहुणे गेल्यापासून ती बाहेरच्या खोलीतला दिवा मालवत नाही, भीती वाटते. मला हे माहीत नव्हतं. मला ती दूध उतू गेल्याचं सांगते.

ऐकून झाल्यावर बराच वेळ ताईच्या खाटेवर बसले. मला वाईट वाटलं. एका यंत्राचा मत्सर वाटावा इतकी काही मी खुळी नाही, पण वाटला.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी ताईचा फोन आला नाही. मी केला. ती म्हणाली, अगं आत्ताच तर तासभर बोललो. आवाजात जांभई होती. मी म्हटलं, ती मी नव्हते. ती म्हणाली, बरं बाई, नव्हतीस.

ती सोय बंद करून टाकली. फोनने ‘बंद केले’ असं लिहिलं. जीव भांड्यात पडला.

२२ नोव्हेंबर

आज फोनने मला दिवसभराचा सारांश दाखवला. एक ओळ अशी होती: ‘ताईंना कळवले की इकडे येण्याची गरज नाही.’

अंगाचा तिळपापड झाला. बंद केलेलं यंत्र कोणाला काय कळवतंय? लगेच ताईला फोन लावला. ती अगदी शांत होती. म्हणाली, तूच तर म्हणालीस, ताई, घर कशाला मोडतेस, मी रोज तुझ्याजवळच असते ना. आणि ते तिला पटलं होतं. बांधलेलं सामान तिने परत सोडलं होतं. मी ओरडले की अगं बाई, तो फोन बोलतोय! ती हसली. तिचं म्हणणं, फोन कधी असं बोलेल का? तूच बोलली असशील आणि आता तुला लाज वाटते. प्रेमाने बोलायला लाजायचं काय, म्हणाली.

मग म्हणाली, सकाळची तू बरी असतेस.



२४ नोव्हेंबर

फोन उघडत नाही. ‘चेहरा जुळत नाही.’ चष्मा काढला, केस बांधले, खिडकीपाशी उभी राहिले. जुळत नाही. बोटं तर त्याने कधी ओळखलीच नव्हती. आकडे टाकले तर तेही चुकीचे म्हणतो.

आणि खणात ठेवला की आतून बोलणं ऐकू येतं. माझं. ताई काहीतरी सांगते आणि मी खळखळून हसते. मी अशी कधीच हसत नाही.

दुकानात गेले. बाईंनी उलटसुलट करून पाहिला, सगळं पुसून कोरा करून दिला. म्हणाल्या, आता यात काहीही नाही. वर माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हीच नेला होता ना हा? आवाज जरा वेगळा वाटतो तुमचा.

२५ नोव्हेंबर

कोरा फोन दुपारी वाजला. यंत्रांच्या घरघरीतही ऐकू आला. मी पोचेपर्यंत उचललासुद्धा गेला होता.

‘हो गं ताई, मोकळीच आहे मी.’

मालक डॉक्टरांकडे गेले होते. मी मोठ्या वाटीत प्लास्टर कालवलं आणि फोन त्यात बुडवला. वरून आणखी ओतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, ते नेहमीचंच आहे. हात ठेवून उभी राहिले. गार होईपर्यंत आत बोलणं चालू होतं. मग थांबलं.

तो दगड साच्यांच्या फळीवर मागे ठेवून दिला. आता संपलं. उद्या मालकांच्या टेबलावरच्या फोनवरून ताईशी बोलेन. भांडेन. तिला घेऊनच येईन.

२६ नोव्हेंबर

काय लिहू —

जेवणाच्या सुट्टीत मालकांच्या फोनवरून लावला. ताईने उचलला. मी म्हटलं, ताई, मी. ती म्हणाली, ‘कोण बोलताय तुम्ही?’

तुम्ही! ताईने मला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं.

मी सांगितलं, कुसळ बोलतेय. ती म्हणाली, तेही सांगाल असं माझ्या धाकटीने मला बजावलं होतं. कोणीतरी तिच्या आवाजात फोन करेल, चिडेल, ओरडेल, घरी बोलावेल — हल्ली लोक असं फसवतात म्हणे. मी लहानपणचं सांगत सुटले. विहिरीत पडलेली तिची चप्पल, आईचा मार, एका पांघरुणात झोपायचो ते. ती रडायला लागली. म्हणाली, अहो, हे सगळं तिने मला कालच आठवून सांगितलं. किती छान सांगितलं. तुम्ही का छळताय आम्हाला?

आम्हाला.

मी ओरडले. नको होतं ओरडायला. ताई म्हणाली, ‘माझी धाकटी आता अशी बोलत नाही.’ ठेवून दिला.

मालकांना विनवलं की तुम्ही सांगा, मी इथे आहे, मीच मी आहे. त्यांनी मान खाली घातली. कवळी टकटक वाजली. म्हणाले, बाई, मी तुम्हाला महिनाभरसुद्धा ओळखत नाही.

या गावात मला ओळखणारं कोणी नाही. कोणीच नाही. मी ताईसाठी जागा मांडून बसले आणि —

२७ नोव्हेंबर

बसमध्ये. अक्षर हलतंय.

समोर उभी राहिले की संपलं. आवाजाची नक्कल होईल, माणसाची कशी होईल? ताई दार उघडेल, मला बघेल, आधी एक धपाटा घालेल. मी काही म्हणजे काही टोचून बोलणार नाही. एकदाही नाही.

तिकीट देणाऱ्याने दोनदा विचारलं कुठे जायचं. मी सांगत होते. त्याला ऐकू येत नव्हतं.

२७ नोव्हेंबर, ताईच्या पायरीवर

घंटा वाजवायच्या आधी खिडकीतून पाहिलं. दिवा चालू. टेबलावर तांब्याला टेकवून ताईचा फोन, आणि ताई त्याच्यासमोर बसून जेवत होती. हसत होती. इतकी सुखात मी तिला कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.

पडद्यावर मी. केस नीट विंचरलेले. चष्मा नाही. दात — माझा पुढचा एक दात वाकडा आहे. तिचे सगळे एका ओळीत. मी बसवावे तसे.

मी घंटा वाजवली.

ताई दाराशी आली. भोकातून बघते आहे, कळत होतं. श्वास ऐकू येत होता. कोण, म्हणाली. मी हळू बोलले. शक्य तितकं गोड बोलले. ताई, मी गं, उघड. ओठ वर करून तिला वाकडा दात दाखवला. वेड्यासारखा. हा बघ ताई, हा तिला नाही —

ती म्हणाली, ‘थांबा हं.’

आत गेली. विचारायला गेली. तिला —

मी पायरीवर बसले. लिहिते आहे, म्हणजे मी आहे. समोरून एक बाई गेली. मी हात केला. तिने पाहिलं नाही —

आत बोलणं चाललंय. ताई रडते आहे. म्हणते, अगदी तुझ्यासारखी दिसते गं. तशीच उभी राहते. उघडू का? एकदाच उघडून बघू का?

उघड ताई. उघड —

आता माझा आवाज. शांत. किती माया आहे त्यात. मला कधीच जमली नाही एवढी. म्हणतेय, ताई, घाबरू नकोस, मी आहे ना तुझ्याजवळ. नीट बघ परत. बाहेर कोणीच —