भरदुपारचं अर्धं गाणं

अकोला, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. मेहुण्याच्या मुलीच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रात कोण, तर ‘भरदुपार’चा गायक! ऐंशीच्या दशकातला अमरावतीचा बँड, एकच कॅसेट काढून विझलेला. ती मी अजून ऐकतो. हात जोडून त्यातल्या गाण्याची फर्माईश केली.

“हे कोणाले आठवते, भाऊ?” म्हणाला, आणि डोळे मिटून गाऊ लागला.

पहिलं कडवं संपेपर्यंत मेहुण्यानं माइक हिसकावला. “अचलपूरचे पाव्हणे आले! शेला-टोपीसाठी स्टेजवर या!”

सत्कार काय पळून चालला होता? माइकच हवा होता ना, मग गाणं संपल्यावर घ्यायचा! त्याला झापायला मी तरातरा स्टेजवर चढलो. तर हा ओरडला, “आन् हे आमचे जवाई, मोठे लेखक!” टोपी पुढं आली.

गायक रिकाम्या हातांनी बघत होता. आणि मी, गाढवानं, मान वाकवली.