जिन्याखालच्या मीटरचे आकडे

प्रिय आई,

जिन्याखाली टॉर्च धरून गॅसच्या मीटरचे आकडे लिहून पाठवलेस, ते मिळाले. इथे ॲबरडीनला माझं छान चाललंय. तुझा गुडघा कसा आहे?

काल ऑफिसातल्या मॉइराने कॉम्प्युटरवर तुझ्या घरासाठी गॅस कंपन्यांचे दर शोधले. एकवीस कंपन्या निघाल्या. मी बघतच राहिले. कंपनी बदलली तरी रस्ता खणायला कोणी येत नाही गं. पाइप तोच, निळी ज्योत तीच, फक्त बिलावरचं नाव बदलतं. बाबांनी निवडलेली कंपनी तू सोडत नाहीस, आणि ती तुलाच सगळ्यात महाग पडते.

"तुझी आई म्हणजे यांची लाडकी गिऱ्हाईक," मॉइरा म्हणाली.

मग तिने तू वर्षभरात वापरलेल्या गॅसचा आकडा भरला. पडद्यावर प्रश्न आला: हे घर रिकामं असतं का?

मॉइराचं हसू थांबलं. मी तो आकडा पुन्हापुन्हा वाचला. तुझ्या व्हिटबीच्या त्या समुद्रवाऱ्यात एवढ्याशा गॅसवर घर तापवून माणूस हिवाळा काढतं कसं? आणि पत्रात लिहितेस, घर कसं उबदार आहे.

स्वस्तातली कंपनी ठरवली आहे. शुक्रवारी मी स्वतः येते. दार उघडशील तेव्हा तुझ्या अंगावर कोट दिसता कामा नये.

तुझीच,
हिलरी