पोवळ्यांच्या जेवणाचा खुलासा

मनामा, बहरीन
१७ जानेवारी १९८५

सौ. शालनआक्का हिस,

आणि मी मासळी खातो हे तुला ज्यानं सांगितलं त्याचं नाव तू पत्रात दाबून ठेवलंस, तरी ते मला इथं बसल्या जागी कळलं. दुसरं कोण असणार, तुमच्या अनगोळातली रुक्माबाई, नळावर तुझ्या मागं घागर लावून उभी राहते ती. तिचा दीर भरमू गुंजीचा, आणि तोच आमच्या साहेबाच्या बंगल्यावर आचारी. म्हणजे बातमी विमानानं निघाली, गुंजीच्या स्टेशनावर उतरली, तिथनं अनगोळच्या नळावर आली आणि तुझ्या घागरीत पडली. एवढा लांबचा प्रवास करून आलेली बातमी तू खरी धरलीस आणि पाठचा भाऊ खोटा. मागं मी घड्याळ धाडलं तेव्हाही असंच. ते चोरीचं असणार असं दाजी म्हणाले आणि तू चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिलीस (हे मला आईनं कळवलं, आई काही लपवत न्हाई). ह्या वेळचं पत्रसुद्धा दाजींनी सांगितलं आणि तू लिहिलंस असा माझा संशय आहे. "तरी सविस्तर खुलासा करावा" असं तू जन्मात कधी बोलली न्हाईस. ती दाजींच्या कचेरीतली भाषा आहे. असो. भांडण घडी करून बाजूला ठेवतो आणि विचारतो, की तुझी कंबर कशी आहे, धाकट्याचा गोवर उतरला का, आणि आई अजून अक्कोळच्या बस्तीत दर्शनाला रोज चालत जाते का. सगळ्यांना जय जिनेंद्र. मी खुशाल आहे, पण तुझं पत्र आल्यापास्नं त्या खुशालीला तडा गेलाय.

खरं म्हणजे मला तुझी एकच ओळ लागली. सदलग्याची मंडळी चंदनाला बघून गेली, पोरगी पसंत पडली, पोरगा मास्तर आहे, मागणं काही न्हाई, आणि साखरपुडा ठरवायच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला की पोरीचा भाऊ परमुलखात कोळंबी सोलतो, खातो, असं कानावर आलंय, त्याचा उलगडा झाल्याबिगर पुढं बोलायचं न्हाई. चंदना दोन दिवस जेवली न्हाई असं तू लिहितेस. ते वाचून मीबी जेवलो न्हाई (म्हणजे एक वेळ). आपली चंदना सोशिक, ती कुणाला काही म्हणणार न्हाई, पण माझ्यापायी तिचं मोडलं तर मी कुठल्या तोंडानं अक्कोळात पाय ठेवू? तेव्हा सगळं पहिल्यापास्नं लिहितो.

निपाणीच्या वखारीत मी तंबाखू चाळत होतो तेव्हा एजंटानं सांगितलं, तिकडं पाण्याच्या कारखान्यात काम आहे. मला वाटलं, पाणी कोण कारखान्यात करतंय, हा फसवतोय. पण ते खरं निघालं. इथं समुद्राचं खारं पाणी तापवून गोडं करतात. फक्त मला कारखाना मिळाला न्हाई, कारखान्याच्या जर्मन साहेबाचा बंगला मिळाला. दिवाणखान्यात बैलगाडीएवढी लांब काचेची पेटी, तिच्यात समुद्राचं पाणी, आणि पाण्यात दगड. साहेबानं खुणेनं सांगितलं, ह्यांना खायला घालायचं, हे तुझं काम. दगडाला नैवेद्य म्हटल्यावर मी बाहेर जाऊन चपला काढून आलो. साहेब माझ्या पायांकडं बघत राहिला आणि त्या दिवसापास्नं त्याला माझा संशय यायला लागला. मला त्याचा आधीपास्नंच होता.

मग भरमूनं समजावलं (तो इथं नऊ वर्षं आहे, साहेबाची भाषा त्याला निम्मी येते, उरलेली निम्मी तो पदरची घालतो). हे दगड म्हणजे पोवळी. आईच्या माळेत तांबडी पोवळी आहेत त्यांच्याच भाऊबंदातली, पण जिवंत. एकेका दगडावर शेकडो तोंडं. दिवसा मिटलेली, आणि दिवा मालवला की उघडून, झिरमिळ्या बाहेर काढून जेवायला बसणार. सूर्य मावळल्यावर जेवणारी जात, तिथंच मी ओळखलं की आपलं ह्यांचं काही जमायचं न्हाई. आणि आक्का, एक विचारतो. सदलग्याच्या विहीणबाईंच्या गळ्यात चार पदरी पोवळ्यांची माळ होती असं तू लई कौतुकानं लिहिलंस. ती मेलेल्या जीवांची हाडं आहेत. मी जिवंत पोवळ्यांना जेवू घालायचं ते पाप, आणि त्यांनी मेलेली गळ्यात घालायची ती शोभा, हा न्याय कुठला? (हे त्यांना सांगू नको. अगदीच अडलं तर सांग.)

कुणाला काय घालायचं ह्याची निवड मात्र, पुढं कण घालायची वेळ आली तेव्हा, मला लगेच जमली. मोठ्या तोंडाच्या पोवळ्याला मोठा कण, बारीक तोंडाच्याला पिठासारखा. मोठा कण बारीक तोंडात गेला की ते थुंकून टाकतं, आणि ते खाली कुजून सगळं पाणी नासवतं. वखारीत आमच्या चाळण्या असायच्या, जाड, मध्यम, बारीक, तसंच हे. साहेबाला कागदावर मोजमाप लिहून ठेवावं लागतं, मला बोटाला कळतं. शिवाय ह्यांना चुना लागतो. चुना भिजत घालायचा, खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळी थेंब थेंब पाण्यात सोडायची. त्यावर ह्यांची हाडं वाढतात. निपाणीच्या माणसाला चुन्याचं काय शिकवायचं? मला वाटलं, चुना खाणारे म्हणजे जवळचेच निघाले की.

पण नुसत्या चुन्यावर पोट भरत न्हाई. साहेबानं मला रेशमासारख्या बारीक कापडाची पिशवी दिली, बरणी दिली, बादलीतलं पाणी त्या पिशवीतनं ओतून दाखवलं, आणि रोज सकाळी समुद्रावर जाऊन असं गाळून पोवळ्यांचं जेवण आणायचं म्हणून सांगितलं. मला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. परका देश, परका धर्म, आणि माणूस पाणी गाळून वापरतो! आई कशी करते ते तुला सांगायला नको. दुहेरी फडक्यातनं पाणी गाळायचं, फडक्यावर राहिलेले जीव इकडंतिकडं सांडू द्यायचे न्हाईत, फडकं उलटं करून वरनं गाळलेलंच पाणी ओतून ज्या विहिरीचे जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. आपण त्यात चुकलो की पाठीत धपाटा. मी अगदी तसंच केलं. रोज समुद्रावर जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून गाळायचं, पिशवीत जे काही वळवळत राहील ते हलक्या हातानं समुद्रात सोडायचं, वर एक णमोकार मंत्र म्हणायचा, आणि गाळलेलं स्वच्छ पाणी बरणीभर घरी. तेही दिवेलागणीच्या आत पोवळ्यांना वाढून मोकळा (उशिरा जेवायची त्यांची सवय मोडावी म्हणून). तीन आठवडे एक दिवस चुकलो न्हाई. खाडा न्हाई, हयगय न्हाई.

तीन आठवड्यांत पोवळी सुकली. पोहऱ्याएवढं फुगणारं एक होतं, ते लिंबाएवढं झालं. साहेबानं आधी पाण्यावर संशय घेतला, मग दिव्यांवर, मग फरशी पुसायच्या साबणावर, आणि वस्तू संपल्यावर माणसांवर आला. भरमूचं मत पडलं की दगडांचं जेवण मीच वाटेत खातो. तो येता-जाता माझं तोंड हुंगायला लागला. मला वाटायचं की माझी नोकरी घालवून गुंजीचं कुणीतरी आणायला भरमूच बरणीत काहीतरी टाकतो, म्हणून मी बरणी उशाशी घेऊन झोपत होतो. आणि खरा संशय तर मला पोवळ्यांचाच. इतकं चांगलं पाणी पाजतोय, चुना घालतोय, आणि ही अंग चोरून बसतात, म्हणजे मालकापुढं मला नालायक ठरवायचा ह्यांचा डाव. मी एकदा कन्नडमध्येसुद्धा दम दिला. मराठी कळत नसंल म्हणून.

एका शुक्रवारी साहेब भरमूला घेऊन माझ्या मागनं समुद्रावर आला. गाडी लांब उभी केलती, त्यामुळं मला पत्ता न्हाई. मी पिशवी उलटी करून हात जोडून उभा होतो. मागं वळून बघतो तर साहेब वाळूत बसलेला, डोक्याला हात लावून. तो ओरडला न्हाई, भरमूकडं बघून चार शब्द बोलला, आणि भरमूनं ते माझ्यापर्यंत आणले.

"साहेब इचारतोय, तीन आठवडं तू रोज त्येंचं जेवान समुद्रात वततोस आन् ताट धुतल्यालं पाणी घरी आणतोस, व्हय रं?"

मी म्हटलं, "जेवान कुठलं? ते जीव हायत. त्येंना सोडायचं असतंय."

"आरं माझ्या बाबा, तेच जेवान हाय."

आक्का, आईनं जन्मभर विहिरीत जे जपून परत सोडलं, तो ह्या लोकांच्या हिशेबात स्वैपाक. मी पाण्यात तसाच उभा राहिलो. साहेब आधी हसला, मग हसायचा थांबला आणि सांगितलं की सुकलेल्या पोवळ्यांना आता नुसत्या ह्या गाळलेल्या जीवांनी भागायचं न्हाई, कोळंबी सोलून, वाटून, चाळून घालावी लागंल. ते करायचं नसलं तर पुढच्या विमानानं निपाणी. मी सांगितलं, मारणार न्हाई, सोलणार न्हाई, वाटणार न्हाई. विमान कधी आहे ते सांगा. तेव्हा साहेबानं माझ्याकडं नीट बघितलं (बहुतेक पहिल्यांदाच) आणि सांगितलं की पोवळ्यांच्या अंगात एक बारीकशी वनस्पतीबी राहते, ती उजेडावर अन्न करते, आणि ह्यांचं निम्मं पोट त्यावरच भरतं. म्हणजे ती निम्मी आपल्यातली. तशी मग कामाची वाटणी झाली. दिवे, पाणी, चुन्याची निवळी, आणि कुणाला केवढा कण हे बघणं माझं. कोळंबी धुणं, सोलणं, वाटणं, चाळणं भरमूचं. मी दोन हात लांब उभा राहून "आणखी बारीक कर" एवढंच म्हणायचं.

भरमू फुकट करणाऱ्यातला न्हाई. बदल्यात त्याचा कांदा-लसूण मी सोलायचा अशी त्यानं अट घातली. आता कांदाबी आपल्याला वर्ज्य. कोळंबी मोठी का कांदा मोठा ह्याचा मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी कांदा सोलायला बसलो. सोलतो, खात न्हाई. पण भरमूला वाटलं, हा बाटायला लागला. आज कांदा, उद्या लसूण, परवा कोळंबी. ते परवाचं त्यानं आजच धरून गुंजीला लिहून टाकलं. हा रुक्माबाईच्या बातमीचा उगम.

तेव्हा सदलगेकरांना सांग की बस्तीतल्या मूर्तीकडं तोंड करून लिहितो, मासळी माझ्या तोंडात कधी गेली न्हाई आणि जाणार न्हाई. आणि आठ जानेवारीपर्यंत माझं बोटसुद्धा कोळंबीला लागलेलं न्हाई. ह्यात एक अक्षर खोटं निघालं तर चंदनाच्या लग्नात मला पंगतीला घेऊ नका. दाजींना नमस्कार, धाकट्याला पापा, आईला पत्र वाचून दाखवताना सावकाश वाच.

तुझा पाठचा,
नेमगोंडा

ता. क. मधली पानं सदलगेकरांना वाचून दाखव. पहिलं नको, त्यात दाजी आहेत. माळेचा मजकूर आला की खोकला काढ. हा ता. क. चा कागद वेगळा आहे तो मुद्दाम. वाचून चुलीत घाल.

आणखी ता. क. भरमू नऊ तारखेला दोन महिन्यांच्या रजेवर गुंजीला गेलाय. अनगोळला भावजयीकडं येणारच. त्याला घरी जेवायला बोलाव, पोळ्या कर, वर कांदा मागितला तर शेजारनं आणून दे आणि दाजींना तोंड वाकडं करू देऊ नको. तू सांगितलंस तर तो स्वतः सदलग्याला जाऊन "मी चेष्टेनं लिहिलतं" असं म्हणंल. माणूस वाईट न्हाई. संशयी आहे एवढंच.

शेवटचं. भरमू तिकडं असला तर इकडं आठ तारखेनंतर कोळंबी कोण वाटतंय, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. तू तेवढी हुशार आहेस, दाजी न्हाईत. पहिल्या दिवशी मी वाटताना डोळे मिटले आणि बोट वाटून घेतलं, तेव्हापास्नं उघडे ठेवतो. ते लिंबाएवढं झालेलं पोवळं परत फुगलंय. दिवा मालवला की सगळी तोंडं एकदम उघडतात, आणि आक्का, मला ते बघायला आवडतं, हे जास्त वाईट वाटतंय. ह्याला प्रायश्चित्त काय ते उपाध्यांना विचार. दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून विचार, आणि आईला कळू देऊ नको. पण उत्तर मला चंदनाच्या अक्षता पडल्यावर धाड, त्याच्या आधी न्हाई. आधी कळलं तर मला काम सोडावं लागंल, आणि साहेबानं भरमूचा दोन महिन्यांचा निम्मा पगार आगाऊ माझ्या हातात ठेवलाय. त्याला मी शिवणार न्हाई. पाप माझ्याकडं राहू दे, पैसे चंदनाकडं जाऊ देत. ड्राफ्ट तुझ्या नावानं काढलाय, दाजींच्या न्हवे. रुपये चार हजार सातशे पन्नास.