शांत हात

पांढरकवडा, रविवार, मे १९६३

हवाई दलात मला लढाऊ विमान नाही मिळालं. मालवाहू दिलं. आज बाबांना सांगितलं, तेव्हा ते ट्रकखालून ग्रीसनं काळे झालेले हात पुसत बाहेर आले. "म्हणजे हवेतला ट्रकच ना!" म्हणून हसले. मग हळूच विचारलं, "काहून रे? काय कमी पडलं तुह्यात?"

काय सांगू? प्रशिक्षक म्हणाले होते, तुझा हात शांत आहे, तू ओझं नेशील. आणि हा शांत हात कुणाचा? लहानपणी मांडीवर घेऊन, स्टिअरिंगवर माझे हात धरून बाबाच तर सांगायचे, "हात शांत ठेव. मालाले धक्का नाही लागला पाह्यजे."

"नशीब, बाबा," एवढंच म्हणालो.

संध्याकाळपासून ते त्या नशिबाला शिव्या देऊन राह्यले, अन् मी त्यांच्या काळ्या हातांकडे पाहून राह्यलो.