चहावर नेमलेला गवंडी

ढुंगेबारी, जिल्हा गोरखा
फागुन २३

माझ्या थोरल्या दिदीचे धनी, आदरणीय भिनाजु नरबीर यांच्या पायी धाकटा मेहुणा ऐतसिंग याचा दंडवत.

इथे आम्ही दोघं, म्हैस आणि बकऱ्या ठीक आहोत. तुमचा गुडघा चितवनच्या उकाड्यात सैल पडला का, की तिथेही कुरकुरतो, ते कळवावं. दिदीचा खोकला गेला असेल. नसेल तर तिला आल्याचा रस द्या आणि तिच्याशी वाद कमी घाला. माझं अक्षर वाकडं आहे, कारण ते डाव्या हाताचं आहे. मजकूर सरळ आहे.

भिनाजु, माझा अपमान झाला आहे. एकदा नव्हे, सतरा दिवस रोज, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. या डोंगरावर एक्केचाळीस घरं मी उभी केली हे तुम्हाला ठाऊक आहे. भूकंपात ती पडली, पण तेव्हा सगळ्यांचीच पडली. माझ्या घराचं आढं माझ्याच उजव्या हातावर आलं आणि तीन बोटं कायमची ताठली. तेव्हापासून तीन पावसाळे आम्ही पत्र्याच्या खोपटात काढले, पण मी कुणापुढे हात पसरला नाही (तो आता मिटत नाही, ही गोष्ट वेगळी). आणि इथे माझ्या बायकोने, देउसरीने, मला न विचारता गरजूंना घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म भरून टाकला! ‘घरात काम करण्याजोगी माणसं किती’ असा त्यात प्रश्न होता. तिने लिहिलं, एक. मी विचारलं, तो एक कोण? म्हणाली, ‘मी.’

मग त्या संस्थेचे अकरा स्वयंसेवक आले. कुणी बँकेतले, कुणी मास्तर, दोघी नर्स, आणि एक हेंक नावाचा अडुसष्ट वर्षांचा हॉलंडचा माणूस, जो आयुष्यभर लोकांचे दात काढत आला. गवंडी एकही नाही. सगळ्यांनी पिवळ्या टोप्या घातलेल्या, डोक्यावर काही पडू नये म्हणून. अहो, भिंतच उभी नव्हती, पडणार काय? फार तर कावळ्याचं काहीतरी. जो दगड मी पाठीवरच्या टोपलीत, डोकोत घालून एका दमात वर आणायचो, तो हे अकरा जण रांग लावून हातोहात सरकवायचे, आणि प्रत्येक हात त्याला सांभाळून सांभाळून पुढे द्यायचा, जणू बारशाचं पोर. तासातासाला पाणी प्यायचे. दगडांचे फोटो काढायचे. (आमच्या म्हशीचे त्याहून जास्त काढले. ती आता उगाच मान वळवून उभी राहते.)

रोज सकाळी ते गोल करून उभे राहत आणि आज मनात काय वाटतंय ते प्रत्येकाने सांगायचं असे. मलाही विचारलं. मी म्हटलं, मला राग येतोय. तर त्यांनी टाळ्या वाजवल्या! रागावलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवणारे लोक तुम्ही कुठे पाहिलेत?

तरीही मी गप्प होतो, कारण घरच्यांनीही कामाला लागायचं असा त्यांचा नियम होता. थापीला तेल लावून, ओळंबा कमरेला बांधून मी पहिल्या दिवशी हजर झालो. त्यांच्या मुख्य म्हणजे काठमांडूच्या रश्मिला मिस. वय एकोणतीस. त्यांनी देउसरीचा फॉर्म बघितला, माझा हात बघितला आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘दाइ, तुम्ही चहा बघा हं.’

चहा! मी! देउसरी चिखल मळते आहे, बँकेचा साहेब कोपऱ्याचा दगड बसवतो आहे, आणि ऐतसिंग गवंडी किटली घेऊन विचारतो आहे, साखर किती?

नवव्या दिवशी पूर्वेच्या भिंतीचं पोट सुटलं. चांगलं दोन बोटं. मी चहा देता देता सांगितलं. मिसनी भिंतीवर पाणसळ ठेवली आणि म्हणाल्या, ‘बघा दाइ, बुडबुडा अगदी मधोमध आहे.’ मी म्हटलं, बाई, पाणसळ आडवी ठेवलीत, पोट उभ्यात आहे. ओळंबा सोडा. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काळजी नका करू, आम्ही आहोत ना.’ मी म्हटलं, तीच तर काळजी आहे. सगळे हसले. भिनाजु, मी विनोद केला नव्हता. त्या भिंतीला लागून देउसरीचं अंथरूण येणार होतं. एकदा मी तिला दगडांखालून ओढून काढलं आहे, एका हाताने. दुसऱ्यांदा जमणार नाही.

दुपारी सगळे डाळभात जेवायला खाली शाळेत गेले, आणि मी डाव्या हाताने ती भिंत उतरवायला लागलो. चौथा दगड काढला तर मागे हेंक उभा. टोपी विसरला होता म्हणून परतला होता. वाटलं, आता बोंब मारणार. त्याने काय करावं? ढिगातला एक दगड उचलला, हातोडीने टिचकी मारली, कान लावला आणि फेकून दिला. दुसऱ्याला मारली, तो खणखणीत वाजला. तो माझ्या हातात दिला. अहो, आतून कुजलेला दगड बद्द वाजतो हे शिकायला मला बापाच्या चार वर्षं शिव्या खाव्या लागल्या! तो आपल्या दाताला नख मारून हसला. दातांचंही तसंच असतं म्हणे. एक शब्द कळत नसताना तो माझा उजवा हात झाला. तो दगड धरायचा, मी ठोकायचो. मंडळी परत आली तोवर आम्ही तीन थर उतरवून दीड चढवला होता.

‘हे कुणी पाडलं?’ मिस ओरडल्या. हेंकने हात वर केला. मग मला दोन्ही वर करावे लागले.

त्यांनी ओळंबा सोडला. उरलेल्या भिंतीवर, मग आमच्या दीड थरावर. तिकडे दोरी पोटावर अडली, इकडे सरळ उतरली. मग म्हणाल्या, ‘दाइ, मी तुमचा हात बघितला, तुम्हाला बघितलंच नाही.’ आणि स्वतःची पिवळी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. त्या दिवसापासून मी सांगायचो आणि ते ऐकायचे. मी शिव्या दिल्या की नर्सबाई वहीत लिहून घ्यायच्या आणि अर्थ विचारायच्या. चहा मिस करू लागल्या. (त्या चहाबद्दल वडीलधाऱ्यांना लिहिणं बरं नव्हे.)

घर झालं. दोन खोल्या, भूकंपात भिंती धरून ठेवायला लाकडी पट्ट्या, सगळं ओळंब्यात. निघताना अकराच्या अकरा रडले. वास्तुशांतीला कुणी रडतं का? वर त्या हेंकने निरोपाच्या वेळी माझा जबडा उघडून आत बोट घातलं आणि एक दाढ काढायला हवी अशी खूण केली, सगळ्या गावासमोर! मी रडलो नाही. दाढ दुखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देउसरी भिंतीला पाठ टेकून बसली. तीन वर्षं पत्र्याला पाठ टेकवत नव्हती, उन्हात भाजायचा, थंडीत झोंबायचा. खूप वेळ बसली. मी तिच्यापुढे चहा आणून ठेवला, साखर न विचारता.

तर असा हा अपमान. दिदीला नमस्कार.

आपला,
ऐतसिंग

ता. क. संस्था चैतात आणखी घरं घेणार आहे. मुख्य गवंडी म्हणून माझं नाव लावलं आहे. मी रागारागाने हो म्हटलं.

आणखी ता. क. वरच्या वस्तीतल्या तुमच्या पडक्या घरावर सिस्नूची खाजरी झुडपं कमरेएवढी वाढली आहेत. ‘धर्माच्या छपराखाली झोपणार नाही’ असं म्हणून तुम्ही चितवनला मुलाच्या भाड्याच्या खोलीत गेलात, तेव्हा ‘शाब्बास भिनाजु’ मीच म्हटलं होतं. ते परत घेतो. तुमच्या नावाचा फॉर्म मी भरला आहे. सही तुमची हवी, यावं लागेल.

शेवटचा ता. क. दिदीशी परवा फोनवर बोललो. तिने गाठोडं बांधून खाटेखाली ठेवलं आहे आणि बुधवारच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. तुम्ही नाही म्हणालात, तर दुसऱ्या सीटवर गाठोडं बसवीन म्हणाली.